ध चा मा, दोन दिवस, चहा-नाश्त्यासह

तर झालं असं की मागच्या ऑगस्टमध्ये मी दोन दिवस डॉक्टर होते.

म्हणजे गळ्यात अडकवायला जो बिल्ला दिला त्यावर माझ्या नावाआधी ठळक अक्षरात "डॉ." छापलेलं. आता मी आहे साधी बी.कॉम., एका विमा कंपनीत क्लेमचे कागद तपासते, गेली एकोणीस वर्षं तेच करतेय, पीएचडी सोडा, माझं एम.कॉम. अजून पार्ट टूला लटकलेलं आहे आणि आता ते लटकतच राहणार. टेबलावर बसलेल्या कॉलेजच्या मुलीला म्हटलं, अगं हे चुकलंय, तर ती म्हणाली, मॅडम तो प्रिंटर परत पाठवलाय हो, राहू द्या ना. मग राहू दिलं. खरं सांगू का, थोडं बरंपण वाटलं.

कार्यक्रम काय होता, तर नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा अभ्यास करणाऱ्या लोकांचं संमेलन. हो, असं असतं. दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये, शनिवार-रविवार, फी सहाशे रुपये, चहा नाश्ता जेवण त्यातच. नवऱ्याला सांगितलं तर तो पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाला, अडीचशे वर्षं झाली, आता कोणाला पकडणार आहात. मी म्हटलं, तिकडे अमेरिकेत केनेडींना १९६३ साली गोळी घातली, त्यावर अजून लोक हॉल बुक करून भांडतात, मग आम्ही काय घोडं मारलंय. तर म्हणे तिकडे निदान गोळी लागतानाची फिल्म आहे. आता ह्यावर काय बोलणार, फिल्म आहे खरी.

मी ह्या नादाला लागले लॉकडाऊनमध्ये. ऑफिस घरून, ट्रेनचे रोजचे तीन तास वाचले, तेव्हा ऑनलाइन मोडीचा, म्हणजे पेशव्यांच्या वेळच्या कागदांच्या लिपीचा, क्लास लावला. आधी वरची आडवी रेघ एका दमात मारायची आणि मग खाली अक्षरं लोंबकळवत जायची, हात शक्यतो उचलायचाच नाही, शब्दाशब्दात जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही (ह्या एका गोष्टीवर मी मोडीच्या प्रेमात पडले, शाळेत माझे शुद्धलेखनाचे मार्क बघाल तर कळेल). लिहायला महिनाभरात येतं, वाचायला जन्म जातो. माझं वाचन अजून अडखळत असतं, ओळीतले चार शब्द लागले तरी मी खूश.

गोष्ट तशी सगळ्यांना माहिती आहे, म्हणजे माहिती आहे असं सगळ्यांना वाटतं. १८ नोव्हेंबर १७७२ ला थोरले माधवराव थेऊरला क्षयाने गेले, त्यांच्यामागे धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला, काका रघुनाथराव म्हणजे राघोबादादा शनिवारवाड्यातच नजरकैदेत. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, दुपारी गारदी, म्हणजे वाड्यावरचे भाडोत्री शिपाई, थकलेल्या पगारासाठी आरडाओरडा करत वाड्यात घुसले, पोरगा पळत पळत काकाच्या खोलीत गेला, "काका मला वाचवा" म्हणत काकाला मिठी मारली, आणि तिथेच त्याला तोडला. पुढे न्यायाधीश रामशास्त्री, त्यांनी राघोबाला सांगितलेलं देहांत प्रायश्चित्त वगैरे. आणि ह्या सगळ्याच्या मुळाशी म्हणे एक चिठ्ठी, राघोबादादांनी सुमेरसिंग गारद्याला लिहून दिलं "नारायणरावास धरावे", आणि काकू आनंदीबाईंनी मधल्या मध्ये ध चा मा केला.

ध चा मा. माझी आई हे दिवसाला एकदा तरी म्हणते. भाजीवाल्याने मेथीऐवजी शेपू दिली तरी ध चा मा.

तर शनिवारी सकाळी पोचले, बाहेर पाऊस धो धो, हॉलमध्ये ओल्या छत्र्यांचा वास आणि साबुदाण्याची खिचडी. साधारण ऐंशी माणसं. मला वाटलेलं सगळे प्रोफेसर असतील, पण प्रोफेसर असतील चार-पाच. बाकी रिटायर्ड इंजिनिअर, एक डोळ्यांचे डॉक्टर (खरे), दोन शाळामास्तर, पुण्याहून आलेला एक ग्रुप जो सगळीकडे एकत्रच बसत होता आणि आमच्याकडे वाडा आहे ह्या थाटात बोलत होता, कोल्हापूरची एक मुलगी जी खरंच पीएचडी करतेय, आणि एक आजोबा, जे प्रत्येक वक्त्याला एकच प्रश्न विचारायचे की सखारामबापूंचं (म्हणजे पेशव्यांच्या कारभाऱ्यांचं) काय. भाषण कशावरही असो. वाड्याच्या बांधकामावर झालं तरी शेवटी हात वर, सखारामबापूंचं काय.

चहाच्या वेळी कळलं की इथे प्रत्येकाचा आपापला आरोपी ठरलेला आहे. कोणाचा राघोबा, कोणाची आनंदीबाई, ह्या आजोबांचे सखारामबापू बोकील, एका गटाला वाटतं की नाना फडणवीसांना सगळं आधी कळलेलं होतं, आणि एक शर्ट इन केलेले गृहस्थ होते त्यांचा सरळ इंग्रजांवर डाऊट. ओळख करून देताना लोक नाव, गाव आणि आरोपी असं सांगत होते. मला विचारलं, डॉक्टर, तुमचा कोण? मी म्हटलं मी अजून तपासतेय. तर ते समोरचे एकदम आदराने गप्प झाले. बिल्ल्याचा गुण, दुसरं काय. हेच मी बिल्ल्याशिवाय म्हटलं असतं तर म्हणाले असते, नवीन दिसता.

पहिल्या दिवशी जेवणाआधीचं सेशन होतं "त्या दिवशीची दुपार". पुण्याचे एक गृहस्थ, रिटायर्ड सिव्हिल इंजिनिअर, त्यांनी वाड्याचा मोठा नकाशा आणलेला, त्यावर लाल दोरा लावून पोरगा कुठून कुठे पळाला असेल ते दाखवत होते. दोरा खरंच लावलेला, टाचण्यांनी. मला आधी हसू आलं, मग नाही आलं. कारण माझा मुलगा बारावीत आहे, त्याला अजून स्वतःचं ताट उचलून ठेव म्हणून सांगावं लागतं, आणि ह्या नारायणरावाला नुकतीच अठरा पूर्ण झालेली. पेशवा होऊन नऊ महिने. त्यात त्या दिवशी वाड्यात काहीतरी शिजतंय ही कुणकुण त्याला लागलेली होती, त्याने आपल्या हरिपंत फडके सरदारांना बंदोबस्ताचं सांगितलंही होतं असं म्हणतात, आणि हरिपंत हो म्हणून कोणाकडे तरी जेवायला गेले. हे वाक्य संपायला आणि मागच्या दाराने मसालेभाताचा वास आत यायला एकच गाठ पडली. हॉलमध्ये चुळबुळ सुरू. वक्ते म्हणाले, जा जा, हरिपंतपण जेवायलाच गेले होते. एवढा हशा दोन दिवसात परत झाला नाही. मसालेभात, मठ्ठा आणि जिलबी. जिलबी गरम होती, तक्रार नाही.

दुपारचं सेशन म्हणजे ज्यासाठी मी सहाशे रुपये भरलेले ते. मोडी. ध चा मा होऊ शकतो का.

फळ्यावर दोघं उभे राहिले, दोघंही माझ्या बाबांच्या वयाचे, दोघांचंही अक्षर असं की बघत बसावं. एकाने चिटणिशी वळणात "धरावे" काढलं आणि दोन फटक्यांत त्याचं "मारावे" करून दाखवलं. टाळ्या. दुसऱ्याने फडकं घेतलं, पुसलं, परत "धरावे" काढलं आणि म्हणाला, तुम्ही ध चा मा करायचाय हे मनात धरूनच ध काढलात, आता माझ्या ध चा करा. मग झालं सुरू. बोरूचा टाक किती जाड, शाई वाळलेली की ओली, कागद खरवडला तर मागून दिसेल की नाही. वीस मिनिटं. पुण्याच्या ग्रुपमधून कोणीतरी ओरडलं, अहो काना विसरताय! आणि हे मला एकदम पटलं, कारण नुसता ध चा म करून भागत नाही ना, धरावे चं मारावे करायला एक काना नवीन घुसवावा लागतो, आणि मोडीत तर शब्दांच्या मध्ये जागाच सोडत नाहीत, मग हा काना बसवला कुठे. म्हण लहानपणापासून ऐकतोय, "मा" असं स्पष्ट म्हणतोय, आणि तो काना कधी दिसलाच नाही.

आता इथे माझा धंदा मध्ये येतो. एकोणीस वर्षं माझं काम हेच आहे. क्लेम फॉर्मवर तारखेत खाडाखोड असेल तर बाजूला सही लागते, सही नसेल तर फॉर्म परत. हॉस्पिटलच्या बिलात एकाचा सात केलेला मला लांबूनपण दिसतो, शाईचा रंग बदलतो, आकड्याचं वजन बदलतं, एकदा एकाने डिस्चार्जच्या कागदावर चाराचा नऊ केला होता आणि तो नऊ इतका सुंदर होता की तिथेच पकडला गेला, कारण बाकी सगळं अक्षर डॉक्टरी. पण हे सगळं कधी, तर कागद हातात असेल तर. त्यामुळे मी हात वर केला, उभी राहिले, आणि ऑफिसात दिवसातून वीस वेळा विचारते तोच प्रश्न विचारला. ओरिजिनल कुठाय?

हॉल शांत. बिल्ल्यामुळे असेल.

फळ्याजवळचे दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग दुसरे, फडकंवाले, हसून म्हणाले, नाहीये. ओरिजिनल नाहीये, झेरॉक्सपण नाहीये. पुण्याला पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल पडलेत, इतिहासकार सरदेसायांनी त्यातून निवडून काढून पंचेचाळीस खंड छापले, पण ती चिठ्ठी काही कोणाच्या हाताला लागली नाही. मग ही गोष्ट आली कुठून, तर छापात ती ठळक दिसते कॅप्टन ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासात, आणि तो छापला लंडनला १८२६ साली. म्हणजे खून होऊन त्रेपन्न वर्षं झालेली. पेशवाई बुडाल्यावर हा डफ साताऱ्याला होता, तिथे त्याने कागद जमवले, माणसांना विचारलं, आणि ह्या खाडाखोडीबद्दल त्याने लिहिलंय तेसुद्धा सगळ्यांचा असा समज आहे अशाच सुरात. समज. आमच्याकडे त्रेपन्न वर्षांनी कोणी क्लेम घेऊन आला आणि कागदाच्या जागी सगळ्यांचा समज जोडला, तर वॉचमनच परत पाठवेल.

म्हणजे गंमत बघा, ऐंशी माणसं तासभर ज्या अक्षरावर भांडत होती ते अक्षर कोणी पाहिलेलंच नाही. आणि हे त्या सगळ्यांना माहिती होतं! मला एकटीलाच नवीन होतं. मी शेजारच्या काकांना म्हटलं, मग फळ्यावर एवढं कशाला? ते म्हणाले, अहो डॉक्टर, मजा असते.

त्यानंतर कोल्हापूरच्या मुलीचं भाषण झालं आणि दोन दिवसांतलं सगळ्यात भारी तेच. वीस मिनिटं बोलली, स्लाइड एकच. रामशास्त्र्यांच्या चौकशीत जी नावं पुढे आली त्यांची यादी. जवळपास पन्नास माणसं. त्यातले चोवीस ब्राह्मण, मग मराठे, प्रभू, सारस्वत, मुसलमान, उत्तरेकडचे हिंदू, आणि एक कुणबीण. म्हणजे मदत करणारे, निरोप नेणारे, पैशाचं बघणारे, दार उघडं ठेवणारे, सगळे मिळून पन्नास. हा काही संध्याकाळी काकूने टाक उचलला आणि झालं असा प्रकार नव्हता, ह्याला आठवडे लागलेत, माणसं लागलीत, बोलणी लागलीत. ती फक्त एवढंच म्हणाली की पन्नास जणांच्या कटाची म्हण झाली तेव्हा त्यात एकच बाई उरली, आणि खाली बसली. आजोबांनी हात वर केला. सखारामबापूंचं काय. ती म्हणाली, बघतेय आजोबा.

आनंदीबाई साध्या होत्या असं मी म्हणत नाहीये हां, उगाच कोणी अंगावर येऊ नका. गुहागरच्या ओकांची मुलगी, राघोबाची दुसरी बायको, डोकं चालणारी, महत्त्वाकांक्षी बाई असणारच, आणि त्या वाड्यात कोण नव्हतं महत्त्वाकांक्षी. खुनानंतर दीड वर्षाच्या आत, नवरा परागंदा, ही धारच्या किल्ल्यात, तिथे १७७५ च्या जानेवारीत दुसरा बाजीराव जन्मला. नंतरचं तिचं आयुष्यही बरंचसं नजरकैदेतच गेलं. तिने केलं असेल, नसेल, पण माझ्या टेबलावर ही फाइल आली तर मी "कागदपत्र अपूर्ण" असा शिक्का मारून बाजूला ठेवीन, "दोषी" असा शिक्का माझ्याकडे नाहीच.

रविवारी मेगाब्लॉक. अर्थातच. माटुंगा-मुलुंड स्लो लाइन बंद, मी मुलुंडला राहते, फास्टला एवढी गर्दी की बिल्ल्याची दोरी कोणाच्यातरी बॅगेत अडकून कुर्ल्यापर्यंत मी आणि ती बाई एकमेकींना बांधलेल्या. पहिलं भाषण बुडालं. दुसऱ्याला पोचले तर शर्ट इन केलेले गृहस्थ बोलायला उभे, इंग्रजवाले. मला वाटलं आता हा माणूस पकवणार, पण उलटंच झालं, कारण ते जे सांगत होते ते सगळं माझ्या घराबद्दल होतं.

म्हणजे असं. तेव्हाची मुंबई म्हणजे फक्त बेटं, कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, तेवढीच इंग्रजांची. शीवच्या खाडीपलीकडे साष्टी, म्हणजे वांद्रे, अंधेरी, बोरिवली, कुर्ला, घाटकोपर, मुलुंड, ठाणे, हे सगळं मराठ्यांचं. पोर्तुगीजांकडून १७३७ ला घेतलेलं, आणि १७३९ ला चिमाजीअप्पाने वसई घेतली. मुंबईच्या इंग्रजांचा साष्टी-वसईवर कायम डोळा, कारण बेटावर ना धड शेती ना जागा. १७७२ ला त्यांनी टॉमस मॉस्टिन नावाचा वकील पुण्याला पाठवला तो ह्याच कामासाठी, गोडीगुलाबीने साष्टी-वसई मिळते का बघ. खून झाला तेव्हा मॉस्टिन पुण्यातच होता. इथे शर्ट इन गृहस्थांचा आवाज एकदम खाली आला आणि त्यांनी हॉलभर बघितलं, जसं काय मॉस्टिन मागच्या रांगेत बसलाय.

पुढचं पटापट झालं. बारभाईंनी, म्हणजे राघोबाविरुद्ध एकवटलेल्या कारभाऱ्यांनी, त्याला बाजूला केला, नारायणरावाची बायको गंगाबाई गरोदर होती, तिला १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर मुलगा झाला, चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवेपदाची वस्त्रं, आणि राघोबा गेला इंग्रजांच्या दाराशी. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला मारला, तह व्हायच्याही आधी, म्हणजे अ‍ॅडव्हान्स उचलला म्हणा ना. मग मार्च १७७५ ला सुरतेचा तह. अडीच हजार सैन्य इंग्रज देणार, त्याचा खर्च महिना दीड लाख राघोबा देणार, सहा लाखांचे दागिने तारण, आणि साष्टी, वसई इंग्रजांना. मग लढाई, मग वडगावला इंग्रजांची फजिती, मग परत लढाई, शेवटी १७८२ चा सालबाईचा तह. वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी काही मिळाली नाही ती नाहीच. राघोबाला पेन्शन, आणि दीडएक वर्षात कोपरगावला तोही गेला. मुंबई सरकारच्या तेव्हाच्या कामकाजाच्या डायऱ्या काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागारात आहेत, इंग्रजीत, तारीखवार. गृहस्थ म्हणाले, ह्या बाजूने तरी ओरिजिनल आहे मॅडम. माझ्याकडे बघून म्हणाले.

आमच्याकडे मृत्यूचा क्लेम आला की सर्टिफिकेटच्या खालोखाल आम्ही काय बघतो, तर नॉमिनी कोण. संशय म्हणून नाही, फॉर्ममध्येच तो रकाना असतो. आणि मी तिथे बसून मनातल्या मनात तो रकाना भरला. नारायणराव गेला. राघोबाला काय मिळालं, पेन्शन आणि कोपरगाव. आनंदीबाईला काय मिळालं, कैद आणि म्हण. गारद्यांपैकी काहींना पकडून मारलं. आणि साष्टी? म्हणजे माझा मुलुंडचा वन बीएचके ज्या जमिनीवर उभा आहे ती? ती गेली मुंबईला. कुर्ल्याला जाताना शीवला खाडी ओलांडतो ना, तिथे १८०५ ला बंधारा-रस्ता झाला, बेट साष्टीला जोडलं, आणि मग हे पसरतच गेलं, सेंट्रल लाइन काय, वेस्टर्न लाइन काय. मेगाब्लॉकसकट.

म्हणून इंग्रजांनी खून केला असं नाही होत. हेच मी त्या गृहस्थांना चहाला म्हटलं. एकोणीस वर्षांत मी एवढे नॉमिनी बघितलेत, बहुतेकांनी काहीच केलेलं नसतं, त्यांचं नाव फक्त बरोबर रकान्यात असतं. ते जरा हिरमुसले. पण मग त्यांनी मला एक किस्सा सांगितला तो इथे टाकल्याशिवाय राहवत नाही. राघोबाने १७८१ च्या सुमारास दोन वकील थेट इंग्लंडला पाठवले होते, आपली बाजू मांडायला, एक हनुमंतराव नावाचा ब्राह्मण आणि बरोबर मणियार म्हणून पारशी. तिकडे त्यांचे हाल, थंडी, आणि हनुमंतरावाचं सोवळं. शेवटी त्यांना आसरा दिला कोणी, तर एडमंड बर्कने, तोच पार्लमेंटवाला. आपल्या गावाकडच्या घरी नेलं, आणि हनुमंतरावाला आपल्या हाताने रांधता यावं म्हणून बागेतलं काचघर दिलं. एक कोकणस्थ-देशस्थ जे कोण असेल ते, विलायतेत काचेच्या खोलीत, बाहेर फुलझाडं, आत वरणभात. बाकी सगळं मी विसरेन पण हे नाही.

शेवटचं सेशन श्रद्धांजलीचं होतं, मला वाटलं हार-बिर घालतील. एका शाळामास्तरांनी फक्त आकडा वाचला. त्या दुपारी वाड्यात अर्ध्या तासात अकरा माणसं मेली. नारायणराव धरून सात ब्राह्मण, दोन मराठा नोकर, दोन कुणबिणी. शिवाय एक गाय. चाफाजी टिळेकर म्हणून नोकर होता, तो धन्याच्या अंगावर आडवा पडला, त्याच्यासकट कापला. मी विचारलं, त्या दोघींची नावं? मास्तरांनी वही पुढे केली, मागे केली, म्हणाले बघून सांगतो. तोपर्यंत कोणीतरी गाईचा विषय काढला आणि गोहत्येवर पंधरा मिनिटं चर्चा झाली. मी वाट बघत थांबले होते, नंतर मास्तर चप्पल शोधताना दिसले तेव्हा परत विचारणार होते, पण त्यांची सात-दहाची होती.

निघताना बिल्ले परत द्यायचे होते, प्लास्टिकचं कव्हर पुढच्या वर्षी वापरतात म्हणे. रांगेत माझ्या पुढे आजोबा, सखारामबापूवाले. त्यांनी माझा बिल्ला चष्मा वर करून नीट वाचला आणि म्हणाले, डॉक्टरेट कशात? आता दोन दिवस मिरवले होते, पण आजोबांना खोटं सांगवेना. म्हटलं, नाही हो, चुकून छापलंय, मी बी.कॉम. आहे. तर ते म्हणाले, असू दे की. छापील आहे ना.

कव्हर दिलं, आतला कागद मी ठेवून घेतला.

घरी आले तेव्हा आई आलेली होती ठाण्याहून, मुलाला थालीपीठ लावून देत होती. मला बघून म्हणाली, झालं का गं तुमचं? मग? कोणी केला ध चा मा? मी म्हटलं, आई, ती चिठ्ठीच नाहीये. कोणी बघितलेलीच नाही. तिने थालीपीठ उलटलं, कडेने तेल सोडलं, थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, मग दोन दिवस काय केलंत तिथे ऐंशी माणसांनी?

जेवलो, म्हटलं.